बाजीरावाने ज्याच्यापुढे हात टेकले, त्याच माल्कमने महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण केलं

मे महिना लागला की पुणे-मुंबई-साताऱ्याच्या एसटी स्टँडवर महाबळेश्वरच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. पसरणीचा घाट चढला की गाडीतली पोरं खिडकीतून हात बाहेर काढून हवा गार झाली का ते बघतात. मग ठरलेला कार्यक्रम. वेण्णा लेकवर बोटिंग, काठावर घोड्याची रपेट, भाजलेलं कणीस, सीझनची उरलीसुरली स्ट्रॉबेरी, तुती, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त आणि रात्री बाजारातून चणे, चिक्की, मध, चपला.

दुसऱ्या दिवशी पॉइंट. एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, लॉडविक पॉइंट, केट्स पॉइंट, विल्सन पॉइंट. टॅक्सीवाला एका दमात ही नावं घेतो आणि आपणही ती घेतो. समोर जावळीचं खोरं, ज्या खोऱ्यातून स्वराज्याचा इतिहास फिरला. प्रतापगड हाकेच्या अंतरावर. आणि कड्यांची नावं मात्र सगळी साहेबांची.

या साहेबांच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस पॉइंटच्या बोर्डांवर फारसा दिसत नाही. कारण त्याचं नाव एका पॉइंटला नाही, सगळ्या गावालाच दिलं होतं. जुन्या सरकारी कागदांत महाबळेश्वरच्या बाजारपेठेचं आणि वस्तीचं नाव सापडतं ते माल्कम पेठ.

हा माल्कम म्हणजे सर जॉन माल्कम. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. पण आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात तो वेगळ्याच कारणाने येतो. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १८१८ मध्ये ज्याच्या छावणीत येऊन शरण गेला, तो हाच.

सतरा भावंडांतला एक

२ मे १७६९ ला स्कॉटलंडच्या दक्षिणेला, डम्फ्रिसशायरमधल्या बर्नफूट नावाच्या शेतावर जॉनचा जन्म झाला. बाप जॉर्ज माल्कम खंडाने शेती करायचा. घरात सतरा पोरं. दहा मुलगे, सात मुली. त्यात बापाचे व्यवहार बुडाले आणि डोक्यावर कर्ज चढलं. मग घरच्यांनी काय केलं, तर पोरं जसजशी वयात येतील तसतशी कुठे कुठे चिकटवून टाकली. कोणी आरमारात, कोणी ईस्ट इंडिया कंपनीत.

याचा शेवट मात्र भलताच झाला. या कर्जबाजारी घरातल्या चार भावांना पुढे सर हा किताब मिळाला. त्यातला पल्टनी माल्कम ब्रिटिश आरमारात ॲडमिरल झाला. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता तेव्हा काही काळ तिथल्या आरमाराचा प्रमुख हाच पल्टनी होता.

जॉनला कंपनीच्या फौजेत घ्यायचं ठरलं तेव्हा तो तेरा वर्षांचाही झालेला नव्हता. लंडनच्या कचेरीत मुलाखत झाली. हैदरअली समोर आला तर काय करशील, असं साहेबांनी गमतीत विचारलं. तलवार काढून मुंडकं उडवीन, असं पोरगं म्हणालं आणि भरती झालं, अशी गोष्ट त्याचे चरित्रकार सांगतात. खरी असो वा रंगवलेली, पुढचा माणूस बघितला की ती पटते.

१७८३ मध्ये तो मद्रासला उतरला. छावणीत त्याला सगळे बॉय माल्कम म्हणायचे. पोर वयाचा, खेळकर, उधळ्या. घोडे, शिकार, जुगार यात पगार उडवायचा आणि कर्ज काढायचा. एकदा खिशात दमडी नव्हती तेव्हा पलटणीच्या बाजारातल्या एका म्हातारीने त्याला उधारीवर जेवू घातलं. पुढे पैसा आल्यावर त्याने तिला आयुष्यभराची पेन्शन लावून दिली, असंही चरित्रात येतं.

लक्षात ठेवा, पेन्शन देण्याची ही सवय आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

उधळपट्टीतून बाहेर पडायला त्याने एकच गोष्ट केली. फारसी शिकला. तेव्हा हिंदुस्थानातल्या दरबारांची भाषा फारसी होती, त्यामुळे ती येणाऱ्या साहेबाला भाव होता. श्रीरंगपट्टणच्या लढाया झाल्या, टिपू पडला आणि १७९९ च्या शेवटी कंपनीने माल्कमला थेट इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठवलं. वय तीस. इराणला तो पुढेही गेला. भेटवस्तूंवर त्याने इतका खर्च केला की कलकत्त्यात लोकांनी कपाळाला हात लावला.

या इराणच्या वाऱ्यांमधून दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे त्याची पुस्तकं. १८१५ मध्ये इराणचा जाडजूड इतिहास आणि नंतर १८२७ मध्ये प्रवासातल्या गमतीजमतींचं एक हलकंफुलकं पुस्तक, तेही स्वतःचं नाव न घालता. दुसरी गोष्ट बटाटा. इराणमध्ये बटाटा माल्कमने नेला असं मानलं जातं आणि तिकडे काही काळ त्याला माल्कमचा आलू म्हणायचे, असं सांगतात. फारसीत आलू म्हणजे आलुबुखारा. आपण बटाट्यालाच आलू म्हणतो, त्यामुळे हे ऐकायला अजूनच गंमतशीर वाटतं.

आठ लाखांचा पेशवा

आता मराठ्यांकडे येऊ.

१८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात माल्कम आर्थर वेलस्ली या आपल्या मित्राबरोबर होता. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. पण असईची लढाई झाली तेव्हा माल्कम तिथे नव्हता. कारण तो आजारी पडून मुंबईला गेला होता. ही गोष्ट छोटी वाटते, पण ती महाबळेश्वरच्या कथेत महत्त्वाची आहे. दख्खनच्या हवेत गोरा माणूस तलवारीने मरायचा त्यापेक्षा तापाने, जुलाबाने आणि पटकीने जास्त मरायचा. माल्कम स्वतः यातून अनेकदा गेला होता. एकदा तर प्रकृतीसाठी त्याला मायदेशी परत जावं लागलं होतं.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढाई झाली. तिथे आघाडीला माल्कम होता. होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. इकडे बाजीराव पेशवा पुणं सोडून महिनोन्‌महिने पळत होता. शेवटी उत्तरेला अशीरगडच्या बाजूला त्याची कोंडी झाली आणि बोलणी सुरू झाली. बोलणी करणारा माल्कम.

३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या छावणीत आला. पुण्यावरचा हक्क सोडायचा, दक्षिणेत परत पाय ठेवायचा नाही आणि गंगेकाठी जाऊन राहायचं. त्याबदल्यात वर्षाला आठ लाख रुपये. हा आकडा ऐकून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज चिडला. हरलेल्या माणसाला एवढे पैसे कशाला, असं त्याचं म्हणणं. माल्कमचा हिशेब सरळ होता. अशीरगडासारखा किल्ला जवळ, पावसाळा तोंडावर आणि पेशवा मोकळा राहिला तर लढाईचा खर्च याहून कितीतरी जास्त. शिवाय बाजीराव फार काळ जगणार नाही असाही इंग्रजांचा अंदाज होता.

बाजीराव जगला. कानपूरजवळ बिठूरला पुढची बत्तीस वर्षं, १८५१ पर्यंत. म्हणजे माल्कमच्या एका शब्दाची किंमत कंपनीला अडीच कोटींच्या वर पडली. बाजीराव गेल्यावर कंपनीने ही पेन्शन त्याच्या दत्तक मुलाला नाकारली. तो मुलगा नानासाहेब. १८५७ चं पुढचं सगळ्यांना माहिती आहे.

पेशवाई संपल्यावर माल्कम तीन वर्षं माळव्याचा कारभार बघत होता. गावोगाव फिरून, लोकांशी बोलून त्याने मध्य हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं, ते १८२३ मध्ये आलं. अहिल्यादेवी होळकरांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षंच झाली होती आणि त्यांना पाहिलेले लोक हयात होते. त्यांच्याकडून ऐकून माल्कमने अहिल्यादेवींच्या कारभाराबद्दल जे भरभरून लिहिलं, ते आजही अभ्यासक वापरतात. होळकरांना हरवणारा माणूस होळकरांच्या राणीचं कौतुक लिहितो, हे जरा विचित्र आहे खरं. पण माल्कम हा असाच होता. मोडलेल्या दरबारांबद्दल त्याला आस्था होती, फक्त ती मोडल्यानंतरची.

मुंबईचा गव्हर्नर व्हायची त्याची फार इच्छा होती. १८१९ मध्ये ती जागा त्याचा मित्र एल्फिन्स्टनला मिळाली आणि माल्कम रुसून बसला. शेवटी नोव्हेंबर १८२७ मध्ये एल्फिन्स्टन गेला आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माल्कम मुंबईच्या खुर्चीत बसला.

डोंगराचा शोध, जो आधीच लागलेला होता

तोवर डोंगराची कुजबुज सुरू झालेली होती. एप्रिल १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतला पीटर लॉडविक नावाचा अधिकारी जंगल तुडवत महाबळेश्वरच्या पठारावर चढला. भर उन्हाळ्यात वरती गार वारा. त्याने ही गोष्ट वर्तमानपत्रातून लोकांसमोर आणली. आजच्या भाषेत, महाबळेश्वरवरचा पहिला ट्रॅव्हल ब्लॉग याच्या नावावर टाकायला हरकत नाही. तो ज्या सोंडेवर पोचला ती आता लॉडविक पॉइंट. तिथे त्याच्या मुलाने उभारलेला स्तंभ आजही आहे.

इंग्रज याला शोध म्हणायचे. पण कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री जिथे उगम पावतात त्या क्षेत्र महाबळेश्वरला लोक शेकडो वर्षं यात्रेला येत होते. जावळीच्या मोऱ्यांचं राज्य इथलंच. खाली १६५९ मध्ये अफजलखानाचा निकाल लागला. डोंगरात कोळी, कुणबी, धनगर राहत होते आणि धावड समाज इथल्या दगडातून लोखंड गाळत होता. त्यांना हा डोंगर सापडलेलाच होता, फक्त कोणी त्याला सुट्टीची जागा म्हटलं नव्हतं.

साताऱ्याच्या गादीवर तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीच त्यांना गादीवर बसवलं होतं आणि साताऱ्यात रेसिडेंट नेमला होता. कर्नल ब्रिग्ज नावाच्या रेसिडेंटच्या सांगण्यावरून महाराजांनी साताऱ्याहून डोंगरापर्यंत चांगला रस्ता करून दिला. महाराजांना बांधकामाची आवड होती. त्यांनी साताऱ्यात रस्ते केले, शाळा काढली, छापखाना आणला.

गव्हर्नर होताच माल्कमने डोंगराचा विषय हातात घेतला. १८२८ मध्ये आजारी गोऱ्या सैनिकांसाठी वरती एक प्रायोगिक दवाखाना सुरू केला. आजारी माणूस खालून वर न्यायचा आणि सुधारतो का ते बघायचं. हवा, ऊन, पाऊस यांच्या नोंदी करायला डॉक्टर बसवला. पावसाळा संपल्यावर तो स्वतः वर आला, जागा बघितल्या, सरकारी इमारती कुठे, बाजार कुठे, बंगले कुठे याची आखणी केली. स्वतःसाठीही घर बांधलं.

हे करणारा तो पहिला नव्हता. मद्रासवाल्यांनी उटी आणि उत्तरेतल्यांनी शिमला आधीच सुरू केलं होतं. मुंबईवाल्यांकडे मात्र असं काही नव्हतं. माथेरान तर अजून वीस-बावीस वर्षं लांब होतं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला.

पण मुंबईहून महाबळेश्वरला पोचायचं कसं? आज चार-पाच तासांचा रस्ता आहे. तेव्हा होडीने बाणकोटच्या खाडीतून महाडला यायचं आणि तिथून पालखीत बसून किंवा घोड्यावरून घाट चढायचा. घाटाचं नाव रडतोंडी. नावातच सगळं आलं. पालखीत बसलेल्या साहेबापेक्षा ती खांद्यावर घेणाऱ्यांचं तोंड जास्त रडवेलं होत असणार. माल्कमच्या काळात हा घाट दुरुस्त करायचं काम वाटून घेतलं गेलं. वरचा भाग साताऱ्याच्या महाराजांनी करायचा आणि पुढे महाडपर्यंतचा कंपनीने.

एक अडचण मात्र मोठी होती. डोंगर कंपनीचा नव्हता, साताऱ्याच्या राज्यात होता.

खंडाळा देऊन महाबळेश्वर घेतलं

१८२९ चा उन्हाळा माल्कमसाठी तापलेलाच होता. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाशी त्याचं जोरदार भांडण चाललं होतं. पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाला कोर्टात हजर करा, असा हुकूम कोर्टाने काढला होता. पुणं तुमच्या हद्दीत येत नाही म्हणून माल्कमने तो पाळायला नकार दिला. न्यायमूर्ती ग्रांट यांनी चिडून कोर्टच बंद करून टाकलं. प्रकरण लंडनला गेलं आणि निकाल माल्कमच्या बाजूने लागला.

याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, साताऱ्याच्या महाराजांशी करार झाला. महाराजांनी महाबळेश्वरचा डोंगराळ भाग कंपनीला द्यायचा आणि कंपनीने त्याबदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना द्यायचं.

इथे गोंधळ होतो म्हणून सांगतो. हे लोणावळ्याशेजारचं खंडाळा नाही. सातारा जिल्ह्यात आज ज्याच्या नावाचा तालुका आहे, ते खंडाळा. लोणावळ्याच्या खंडाळ्याशीही माल्कमचा संबंध आहेच, तो पुढे येतो.

नव्या वस्तीला माल्कम पेठ हे नाव द्यावं, अशी इच्छा महाराजांनीच दाखवली असं जुन्या गॅझेटियरमधून समजतं. यात किती आपुलकी आणि किती राजकारण होतं, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. महाराजांच्या जागी बसून बघितलं तर गव्हर्नर खूश असणं गरजेचं होतं. आणि माल्कम हा त्यातल्या त्यात बरा गव्हर्नर होता. देशी राज्यं खालसा करू नयेत, ती आपल्या सावलीत चालू द्यावीत, या मताचा तो होता. सातारा त्याच्या हातून धोक्यात येणार नव्हतं.

माल्कम १८३० च्या शेवटी निघून गेला. जायच्या आधी नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने बोरघाटाचा नवा गाडीरस्ता सुरू केला. म्हणजे लोणावळ्याच्या खंडाळ्यातून खोपोलीकडे उतरणारा. तोवर चाकाची गाडी या घाटातून धड खाली उतरत नव्हती. माल बैलांच्या पाठीवर जायचा. आता पुण्याहून भरलेली गाडी थेट पनवेलच्या बंदराकडे जायला लागली. आज विकेंडला एक्सप्रेस-वेवर घाटात तीन तास अडकलेल्यांना हे वाचून बरं वाटेल की नाही माहीत नाही, पण त्या गर्दीची सुरुवात इथून आहे.

लंडनला गेल्यावर तो खासदार झाला, क्लाइव्हचं चरित्र लिहायला घेतलं. ते पूर्ण छापलेलं बघायला तो राहिला नाही. ३० मे १८३३ ला त्याचा मृत्यू झाला. वय चौसष्ट.

पुढे माल्कम पेठेत काय झालं?

माल्कम पेठ वाढली. सिंगापूर-पेनांगकडच्या इंग्रज वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात ठेवले होते. शंभराच्या वर माणसं. त्यांनी इथे बटाटे आणि साहेबांच्या आवडीच्या भाज्या लावल्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या, रस्त्यांवर राबले. हा तुरुंग १८६४ च्या सुमारास बंद झाला. महाबळेश्वरच्या बाजारात आज बांबू-वेताच्या वस्तू बघताना ही माणसं आठवायला हरकत नाही. चायनामन्स फॉल हे नाव त्यांच्याच मुक्कामावरून आलं असं मानतात.

पुढे मुंबई सरकारचं वेळापत्रकच ठरून गेलं. उन्हाळा महाबळेश्वरला, पावसाळा पुण्यात, थंडी मुंबईत. गव्हर्नर वर आला की त्याच्यामागे अधिकारी, कारकून, बंगल्यांचे खानसामे, घोडेवाले, संस्थानिक, मुंबईचे पारशी शेठ असा सगळा जथा वर यायचा. जूनमध्ये पाऊस कोसळायला लागला की सगळे पसार. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो म्हटल्यावर दुसरं काय करणार? घरांना गवताचे झापे बांधायचे आणि ऑक्टोबरची वाट बघायची. आपला उन्हाळी सीझन आणि दिवाळी सीझन म्हणजे याच वेळापत्रकाची पुढची पानं आहेत.

बाजारपेठ जगली, पण जंगल राखीव झालं आणि धावडांच्या लोखंडाच्या भट्ट्या विझल्या. ज्यांना पॉइंटवर नेऊन दाखवायचं होतं त्यांच्यासाठी झाडं राखली गेली आणि जे त्या झाडांच्या कोळशावर जगत होते त्यांना दुसरं काम शोधावं लागलं.

आणि डोंगर देणाऱ्या महाराजांचं काय झालं?

१८३० च्या दशकात प्रतापसिंह महाराजांचं मुंबई सरकारशी बिनसलं. आधी जहागिरींच्या हक्कावरून वाद, मग महाराज इंग्रजांविरुद्ध कट करतात असा आरोप. १८३६ मध्ये चौकशीसाठी तीन जणांची समिती बसली. त्यातला एक होता साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट, कर्नल लॉडविक. तोच, ज्याने बारा वर्षांपूर्वी महाबळेश्वरची हवा वर्तमानपत्रातून गाजवली होती.

सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवून दिलं. थंड डोंगराचा मालक गंगेकाठच्या उकाड्यात नजरकैदेसारखा राहिला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले. उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले.

त्यांच्या जागी भाऊ अप्पासाहेब म्हणजे शहाजी महाराज बसले. वेण्णा लेक बांधला तो त्यांच्या कारकिर्दीत, १८४२ मध्ये. गावाला आणि बाजाराला पाणी मिळावं हा हेतू. ज्या तळ्यात आज पेडल बोटी फिरतात ते साताऱ्याच्या छत्रपतींनी पिण्याच्या पाण्यासाठी केलेलं धरण आहे. १८४८ मध्ये तेही गेले, औरस वारस नव्हता, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीने सातारा खालसा केलं. त्याने अशा रीतीने गिळलेलं हे पहिलं राज्य. बदल्यात मिळालेलं खंडाळाही अर्थातच त्यात गेलं.

माल्कम जिवंत असता तर त्याने हे होऊ दिलं असतं का? त्याची मतं बघितली तर त्याने विरोध केला असता असं वाटतं. पण कराराच्या कागदावर मत लिहिलेलं नसतं, सही असते. आणि सही करणारा गव्हर्नर तीन वर्षांनी बदलतो.

महाबळेश्वरवर पुढे बरंच लिहिलं गेलं. सुरुवातीला हवापाण्यावर डॉक्टरांनी, मग गॅझेटियरवाल्यांनी. १९१६ मध्ये साताऱ्याचे इतिहासकार दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी महाबळेश्वरवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक काढलं. पॉइंट, रस्ते, बंगले यांच्याबरोबर क्षेत्राची देवळं आणि मराठ्यांचा इतिहासही त्यात आला. साहेब पाहुण्यांसाठीच्या पुस्तकात जावळीची गोष्ट घालणारा माणूस साताऱ्याचा असावा, हे बरंच झालं.

नावं मात्र हळूहळू झिजतात. केट्स पॉइंटची केट ही माल्कमची मुलगी, असं तिथले गाईड सांगतात. आर्थर सीटचा आर्थर म्हणजे तिथे घर बांधून राहिलेला आर्थर मॅलेट. माल्कम पेठ हे नाव आता बोलण्यात कुणी वापरत नाही. कंडक्टरला माल्कम पेठेचं तिकीट मागून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील.

माल्कमला बघायचं असेल तर महाबळेश्वरला न जाता मुंबईला जावं लागतं. फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे, चँट्री नावाच्या प्रसिद्ध शिल्पकाराने केलेला. त्याच इमारतीत त्याच्या मित्राचा, एल्फिन्स्टनचाही पुतळा आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि घाम असतो, पण उंच छताच्या त्या हॉलमध्ये बरंच गार वाटतं.